शितावरून भाताची परीक्षा
(एक्झिट पोल का चुकतात आणि ते सुधारतील कसे?)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल, आणि ते साहजिक आहे. १ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेच्या सातव्या टप्प्याचे मतदान संपताच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आकड्यांचा जो पाऊस पडला, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. राष्ट्रीय लोकशाही आघाडीस साडेतीनशेच्या वर जागा मिळणार असे बहुतेक चाचण्या सांगत होत्या. एकदोघांची मजल तर थेट चारशेपर्यंत गेली. ४ जूनला मोजणी झाली. आघाडीला २९३ जागा मिळाल्या, भारतीय जनता पक्षाला स्वतःच्या २४०. सरकार कोणाचे येणार हे चाचण्यांनी बरोबर सांगितले. परंतु कोणत्याच एका पक्षाला बहुमत नाही, ही त्या निवडणुकीतील सर्वांत मोठी गोष्ट नेमकी त्यांच्या हातून निसटली. मधल्या सोमवारी मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे २५०० अंशांनी चढला आणि मंगळवारी सुमारे ४३९० अंशांनी कोसळला. चुकीच्या अंदाजाची किंमत कोणी ना कोणी रोख मोजतो, ती अशी.

अशा प्रसंगी आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक म्हणतो, हे सारे थोतांड आहे, पोपटवाल्याच्या चिठ्ठीत आणि यात काडीचा फरक नाही. दुसरा म्हणतो, हे विकत घेतलेले आकडे आहेत. आम्हांस हे दोन्ही उद्गार आळसाचे वाटतात. थोतांड म्हटले की विचार करावा लागत नाही, आणि विकत घेतलेले म्हटले की पुरावा द्यावा लागत नाही. चुकांचा इतिहास पाहिला तर त्या एकाच दिशेच्या नाहीत. २००४ साली सत्ताधारी आघाडी पुढे राहील असे चाचण्या म्हणाल्या. प्रत्यक्षात काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. २०१५ साली दिल्लीत आम आदमी पक्ष जिंकेल असे त्या म्हणाल्या, पण ७० पैकी ६७ जागा कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणात त्यांनी काँग्रेसला बहुमत दिले. मिळाले ते भाजपला, ९० पैकी ४८. चूक कधी या अंगाला, कधी त्या अंगाला होते. अशा चुकीला कारणे असतात, आणि कारणे सापडली तर उपायही सापडतो. तो शोध हाच आजचा विषय.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावू. दोन-तीन दिवसांनी खरा निकाल लागणारच आहे, मग ही उठाठेव हवी कशाला? निकाल आधी कळावा एवढाच हेतू असेल तर आक्षेप मान्य आहे. तो खेळ करमणुकीचा आहे. परंतु मतमोजणी आपल्याला एकच गोष्ट सांगते : कोणाला किती मते पडली. ती मते कोणी दिली हे ती सांगू शकत नाही, कारण आपले मतदान गुप्त आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. लाडक्या बहिणींनी हा विजय दिला, असे त्या दिवसापासून सर्वत्र बोलले जाऊ लागले. किती स्त्रियांनी मतदान केले हे निवडणूक आयोग सांगतो. पण त्यांनी कोणाला मत दिले हे आयोगालाही ठाऊक नसते. ते कळण्याचा मार्ग एकच : मत देऊन आलेल्या माणसाला विचारणे. शेतकरी कोणाबरोबर गेला, तरुणाने काय केले, कामगार वस्तीचा कल कोठे होता, याविषयी वर्षानुवर्षे जी विधाने केली जातात आणि ज्यांच्या आधारे पुढची धोरणे व योजना आखल्या जातात, ती सारी अशा विचारपुशीवर उभी असतात. पाया कच्चा असेल तर वरचा मजलाही कच्चाच. म्हणून चाचणी अचूक व्हावी यात आपल्या सर्वांचे हित आहे.

आता मूळ कल्पनेकडे वळू. कल्पना आपल्या घरातलीच आहे. शितावरून भाताची परीक्षा! गृहिणी सारे पातेले चाखून पाहत नाही. एक शीत बोटांत दाबते आणि झाकण ठेवते. चौसष्ट कोटी लोकांनी दिलेले मत काही हजारांना विचारून कसे कळेल, असे आपण विचारता. तेव्हा आम्ही उलट विचारू, की पातेले मोठे असले म्हणून शिते जास्त दाबावी लागतात काय? नाही. नमुन्याची अचूकता शितांच्या संख्येवर अवलंबून असते, पातेल्याच्या आकारावर जवळजवळ नसते. सरमिसळ पक्की असेल तर १००० माणसांना विचारून येणारे उत्तर वीसपैकी एकोणीस वेळा खऱ्या आकड्याच्या तीन टक्के अलीकडे-पलीकडे राहते. ४००० जणांना विचारले तर ही तफावत दीड टक्क्यावर येते. ती आणखी निम्मी करायची तर १६,००० लागतात. म्हणजे अचूकता दुप्पट करण्यास कष्ट चौपट. हे गणित पक्के आहे, त्यात वादाला जागा नाही.

वादाला जागा आहे ती 'सरमिसळ पक्की असेल तर' या अटीत. गृहिणीची परीक्षा साधते, कारण तिने भात ढवळलेला असतो आणि आच सारखी लागलेली असते. वर कच्चा आणि खाली करपलेला असेल, तर वरची शंभर शिते दाबूनही तळाची वार्ता कळणार नाही. या गोष्टीचा मोठा दाखला अमेरिकेत १९३६ साली मिळाला. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि तेवीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. एवढा प्रचंड नमुना! त्यावरून लँडन निवडून येणार असे त्याने जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते पडली आणि ४८ पैकी ४६ राज्ये मिळाली. साप्ताहिकाने नावे काढली होती ती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. त्या मंदीच्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन तो सुखवस्तू. आणि त्यातही उत्तर पाठवण्याची उत्सुकता ज्यांना होती त्यांचीच पत्रे आली. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असे बरोबर सांगितले होते. तेव्हापासून या शास्त्राचे पहिले सूत्र ठरले : किती जणांना विचारले यापेक्षा कोणाला विचारले हे महत्त्वाचे.

मतदान करून बाहेर पडणाऱ्यालाच विचारावे ही युक्ती अमेरिकेतच १९६७ साली वॉरन मिटॉफ्स्की यांनी केंटकी राज्याच्या निवडणुकीत वापरली. तिचा लाभ उघड आहे. निवडणुकीपूर्वी 'मत देईन' म्हणणारा ऐन वेळी घरी बसतो किंवा बेत बदलतो. केंद्रातून बाहेर पडणाऱ्याने मात्र मत दिलेले असते. एवढी एक अनिश्चितता कमी झाली. पण तीन अडचणी शिल्लक राहिल्या, आणि आजवरच्या बहुतेक चुका या तिघींच्या पोटी जन्मल्या आहेत.

पहिली अडचण केंद्रांच्या निवडीची. २०२४ साली देशात सुमारे साडेदहा लाख मतदान केंद्रे होती. प्रश्नकर्ते सगळीकडे जाऊ शकत नाहीत. ते काही केंद्रे निवडतात आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस जणांना गाठतात. परंतु एका केंद्रावरचे मतदार एकमेकांसारखे असतात. गावात एक केंद्र पांढरीचे, दुसरे वाड्यावस्त्यांचे. शहरात एक बंगल्यांच्या सोसायटीचे, दुसरे नाल्याकाठच्या झोपडपट्टीचे. एकाच केंद्रावरच्या वीस जणांना विचारणे म्हणजे वीस निरनिराळी मते ऐकणे नव्हे; पुष्कळदा तेच मत वीसदा ऐकणे होय. समजा, १०० केंद्रांवर वीस-वीस मिळून २००० जणांना विचारले. केंद्रातले हे साम्य माफक धरले तरी हिशेब असा येतो की त्या दोन हजारांचे मोल खऱ्या अर्थाने सातशेंच्या आसपास उरते. तेव्हा पडद्यावर 'आमचा नमुना अमुक लाखांचा' अशी पाटी झळकली, की प्रश्न विचारावा तो असा : केंद्रे किती होती, आणि ती कशी निवडली? उपायही यातच आहे. केंद्रे पुष्कळ घ्यावीत, प्रत्येक केंद्रावर माणसे थोडी विचारावीत, आणि केंद्रांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी. मोटारीच्या रस्त्यालगतची सोयीची केंद्रे घेतली, की डोंगरातला आणि आतल्या खेड्यातला मतदार गणतीतून गळालाच.

केंद्राच्या दारापाशीही हीच शिस्त हवी. प्रश्नकर्ता बहुधा तरुण असतो, पगार थोडा, ऊन मोठे. तो सहज कोणाला हाक मारील? आपल्याच वयाच्या, हसऱ्या, मोकळ्या दिसणाऱ्या मुलाला. डोक्यावरचा पदर सावरीत नातवाचा हात धरून जाणाऱ्या आजीबाईंना तो हटकणार नाही. म्हणून नियम असा हवा की दर दहाव्या मतदाराला विचारायचे, मग तो कोणीही असो. आणि सकाळी सातपासून मतदान संपेपर्यंत विचारायचे. शेतमजूर बाई उन्हं कलल्यावर येते, तेव्हा हा गृहस्थ कागद गुंडाळून परतलेला असेल तर तिचे मत कोणाच्याच हिशेबात येणार नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे : माणूस बोलत नाही, किंवा बोलतो ते खरे नसते. २००४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत चाचण्यांनी केरी यांना पुढे दाखवले आणि निवडून आले बुश. चाचणी करणाऱ्यांनी पुढे स्वतःची झाडाझडती घेतली आणि जानेवारी २००५ मध्ये तिचा अहवाल उघडपणे प्रसिद्ध केला. केंद्रांची निवड ठीक होती. चूक केंद्राच्या दारात झाली होती. केरी यांचे मतदार उत्तर देण्यास अधिक राजी होते, बुश यांचे मतदार टाळून पुढे जात होते. तेवढ्याने दोघांमधील अंतरात सरासरी साडेसहा अंकांची तफावत पडली. प्रश्नकर्ता तरुण असेल तेथे ती अधिक, आणि त्याला दारापासून लांब उभे केले असेल तेथेही अधिक. कारण लांब उभा असलेल्याला दहावा मतदार नेमका कोणता हे राखता येत नाही. ज्याला बोलायचे असते तो आपण होऊन त्याच्याकडे येतो.

आपल्याकडे याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे भीती. सरपंचाची, सावकाराची, मुकादमाची, गल्लीतल्या दादाची. कोपऱ्यावर पक्षाची टेबले मांडलेली, चार ओळखीची माणसे पाहत उभी, आणि अनोळखी मुलगा हातात यंत्र घेऊन विचारतो, 'काकू, मत कोणाला दिलं?' काकू म्हणतात, 'दिलं की योग्य माणसाला!' फार लकडा लावला, तर ज्याची हवा आहे त्याचे नाव सांगून मोकळ्या होतात. याला खोटेपणा म्हणू नये. तो शहाणपणा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमाने, आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही होऊ शकत नाही. परंतु या शहाणपणाचा परिणाम असा की दुर्बळाचे मत चाचणीत कमी भरते आणि सबळाचे जास्त.

यावर उपाय आहेत. तोंडी विचारू नये. खऱ्या मतपत्रिकेसारखी नकली मतपत्रिका हाती द्यावी, मतदाराने आडोशाला खूण करावी आणि घडी घालून पेटीत टाकावी. ब्रिटनमध्ये असेच करतात. आपल्याकडे दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने, म्हणजे १९६३ साली रजनी कोठारी यांनी स्थापलेल्या संस्थेने, घरोघरच्या पाहणीतही ही पेटी वापरली आहे. ही संस्था केंद्राच्या दारात उभी न राहता, मतदार यादीतून चिठ्ठीने नावे काढून, मतदान झाल्यावर घरी जाऊन विचारते. काम सावकाश होते, पण माणूस आपल्या उंबरठ्याच्या आत अधिक निर्धास्त असतो. याखेरीज स्त्रियांना स्त्रियांनी विचारावे, आणि त्या त्या भागाची बोली बोलणाऱ्यांनी विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांनी उत्तर नाकारले त्यांचीही नोंद ठेवावी : पुरुष की स्त्री, अदमासे वय काय. नकार देणारे किती आणि कोण हे ठाऊक असेल तरच बोलणाऱ्यांच्या उत्तरांना योग्य वजन देता येते. जनगणनेच्या आकड्यांवरून वजन द्यावे तर २०२४ च्या निवडणुकांना हाताशी होती ती जनगणना २०११ ची; तेरा वर्षांत गावे ओस पडली होती आणि शहरांच्या कडेला नवी शहरे उभी राहिली होती.

तिसरी अडचण जागांची. श्रोत्याला जागा हव्या असतात आणि चाचणीत मिळतात त्या मतांच्या टक्केवाऱ्या. एकीवरून दुसरी काढणे हे अत्यंत निसरडे काम आहे. केंडॉल आणि स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी १९५० साली ब्रिटनच्या दुरंगी लढतींविषयी घनाच्या नियमाची चर्चा केली होती : मतांचे प्रमाण ५२ ला ४८ असेल तर जागांचे प्रमाण त्या आकड्यांच्या घनांइतके, म्हणजे सुमारे ५६ ला ४४ होते. मतांत दोन टक्क्यांची चूक झाली की जागांत सहा टक्क्यांची होते. आपल्या बहुरंगी लढतींना हा नियम जसाच्या तसा लागत नाही. म्हणून १९८० च्या दशकात डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी विरोधी पक्षांच्या ऐक्याचे माप काढून ते गणितात आणले. तरीही काम निसरडेच राहिले.

याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती या दोघांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. दोघांनाही ४४ टक्क्यांच्या जरा खाली मते होती. जागा मात्र ३० आणि १७ अशा पडल्या, आणि सांगलीची एक अपक्षाकडे गेली. वायव्य मुंबईची जागा तर अवघ्या ४८ मतांनी फिरली. जगातील कोणती चाचणी ४८ मते मोजू शकेल? हरियाणातही दोन पक्षांच्या मतांत टक्काभराचेच अंतर होते, आणि जागा ४८ व ३७. हे लक्षात घेतले म्हणजे दिसते की हरियाणातील चाचण्यांची मतांतील चूक तिच्या गाजावाजाइतकी मोठी असण्याचे कारण नव्हते. खरी चूक होती ती निश्चयाच्या सुरात बोलण्याची. लढत अटीतटीची आहे, जागा इकडे किंवा तिकडे पडू शकतात, असे म्हणणारा प्रामाणिक ठरला असता. पण त्याला पडद्यावर कोणी बोलावले नसते!

येथे ब्रिटनकडे पाहणे उपयोगी पडेल. १९९२ साली तेथील चाचण्यांनी त्रिशंकू संसदेचे भाकीत केले आणि हुजूर पक्षाला बहुमत मिळाले. त्यानंतर विचारमंथन होऊन जॉन कर्टिस आणि डेव्हिड फर्थ यांच्या पुढाकाराने नवी पद्धत बसवली गेली, आणि २००५ पासून वाहिन्या एकत्र येऊन एकच चाचणी करू लागल्या. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते : पक्षाला किती मते मिळाली हे न विचारता, गेल्या वेळेपेक्षा किती वाढली किंवा घटली हे विचारा. त्यासाठी शक्यतो त्याच केंद्रांवर प्रत्येक निवडणुकीत उभे राहतात. एखाद्या केंद्रावर एका पक्षाचे लोक नेहमीच कमी बोलत असतील, तर ती खोट दोन्ही वेळच्या आकड्यांत सारखी असते; वजाबाकी केली की ती बऱ्याच अंशी निघून जाते. तराजूत पासंग असला तरी त्याच तराजूवर कालचे आणि आजचे वजन केले तर फरक बरोबर कळतो, तसे हे आहे. मग कोणत्या प्रकारच्या मतदारसंघात किती बदल झाला याचे गणित बसवतात, आणि प्रत्येक जागा कोणाला तरी बहाल न करता 'या पक्षाची शक्यता साठ टक्के, त्याची चाळीस' अशी वाटणी करून सर्व शक्यतांची बेरीज करतात.

परिणाम पाहा. केंद्रे दीडशेच्या आत, मतदार वीस हजारांच्या आसपास. पण २००५ साली मजूर पक्षाचे मताधिक्य ६६ जागांचे असेल असे सांगितले आणि ते तेवढेच निघाले. २०१९ साली हुजूर पक्षाला ३६८ सांगितल्या, ३६५ मिळाल्या. २०२४ साली मजूर पक्षाला ४१० सांगितल्या आणि, सभापती वगळून, ४११ मिळाल्या. मात्र हीही पद्धत जादू नव्हे. २०१५ चे बहुमत तिला दिसले नव्हते, आणि २०२४ मध्ये रिफॉर्म या नव्या पक्षाला तिने १३ जागा दिल्या असता मिळाल्या पाचच. नव्या पक्षाला 'गेल्या वेळचे' माप नसते.

आमच्याकडची अडचण येथेच स्पष्ट होते. २०१९ आणि २०२४ यांच्या मध्ये महाराष्ट्रात शिवसेना दुभंगली, राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली, आघाड्या बदलल्या. कोणाची तुलना कोणाशी करावी? अशा वेळी वजाबाकीची पद्धत लंगडी पडते. परंतु मे आणि नोव्हेंबर २०२४ या दोन निवडणुकांत पक्ष बहुतांशी तेच होते, आघाड्या त्याच होत्या. त्याच केंद्रांवर दोन्ही वेळा उभे राहिलेल्याला सहा महिन्यांतला पालट मोजण्याची उत्तम संधी होती. अशी संधी साधायची तर केंद्रांची कायम यादी हवी, आणि दर निवडणुकीला नवा संसार मांडण्याची सवय सोडली पाहिजे.

शिवाय आपल्यापाशी एक असे साधन आहे जे ब्रिटनपाशी नाही. तेथे सर्व केंद्रांची मते मोजण्यापूर्वी एकत्र मिसळतात. एका केंद्रावर कोणाला किती पडली हे कोणालाच कळत नाही. आपल्याकडे मतदानयंत्रामुळे प्रत्येक केंद्राची मोजणी वेगळी होते आणि 'फॉर्म २०' या तक्त्यात ती केंद्रवार प्रसिद्ध होते. म्हणजे चाचणी करणाऱ्याने ज्या केंद्रावर वीस जणांना विचारले, त्या केंद्राचा खरा निकाल त्याला पुढे ताडून पाहता येतो. त्याची चूक केंद्राच्या निवडीत झाली, मतदाराच्या मौनामुळे झाली की जागांच्या गणितात झाली, हे निश्चितपणे वेगळे काढता येते. वैद्याला आपल्या निदानाची परीक्षा पाहण्याची इतकी सोय क्वचितच मिळते! मग दर निवडणुकीनंतर चाचणी करणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपली केंद्रे, आपले नकार आणि फॉर्म २० चे आकडे शेजारी शेजारी मांडून प्रसिद्ध का करू नयेत? अमेरिकेत २००५ साली चुकलेल्यांनी आपली चूक उघड्यावर तपासली. जनतेपुढे निकाल सांगणाऱ्याचे ते कर्तव्यच आहे.

मात्र या साधनाची दुसरी बाजू आपल्यापासून लपवून ठेवणे बरे नाही. फॉर्म २० जसा संशोधकाला दिसतो तसाच तो गावातल्या पुढाऱ्यालाही दिसतो. आपल्या वस्तीने मत दिले नाही हे त्याला आकड्यानिशी कळते. मग पाण्याची नळवाट अडते, रस्ता रखडतो. म्हणूनच अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या 'टोटलायझर' यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला, आणि २०१५ साली विधी आयोगाने त्याला पाठिंबा दिला. तरी २०२४ ची मोजणीही केंद्रवारच झाली. केंद्रवार निकालांचे हे उघडेपण चाचणीला उपकारक आणि मतदाराला अपायकारक आहे. या दोहोंत निवड करण्याची वेळ आली तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता मतदाराची बाजू घेऊ. अंदाज चुकला तरी लोकशाही जगेल; मतदार भ्याला तर ती नावापुरती उरेल. आणि मतदार निर्भय झाला तर तो दारात विचारणाऱ्यालाही मोकळेपणाने सांगेल, हेही विसरता येत नाही. अचूक चाचणीचा सर्वांत खात्रीचा उपाय गणितात नाही. तो निर्भय गावात आहे.

चाचणी विश्वसनीय असेल तर तिचा आणखी एक उपयोग होतो : ती मोजणीची साक्षीदार बनते. नोव्हेंबर २००४ मध्ये युक्रेनमध्ये चाचण्यांनी युश्चेन्को यांना पुढे दाखवले आणि अधिकृत निकालात यानुकोविच विजयी ठरले. लोक रस्त्यावर उतरले, गैरप्रकारांचे पुरावे पुढे आले, तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती फेरी रद्द केली, आणि डिसेंबरच्या फेरमतदानात युश्चेन्को निवडून आले. परंतु साक्षीदार वारंवार चुकणारा असेल तर दुहेरी हानी होते. हरियाणाच्या निकालानंतर पराभूत पक्षाने मतदानयंत्रांविषयी तक्रारी केल्या. चाचण्यांनी आधी उंचावलेल्या अपेक्षा त्या संशयाला पोषक ठरल्या. गैरप्रकार नसेल तेथे संशय, आणि उद्या खरोखर गैरप्रकार झाला तर साक्षीदारावर कोणाचा विश्वास नाही! चुकीच्या अंदाजाला केवळ हसून सोडून देऊ नये असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

कायद्याने एक गोष्ट केली आहे. २००९ च्या दुरुस्तीने आलेल्या १२६-अ या कलमान्वये पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत या चाचण्या प्रसिद्ध करता येत नाहीत. केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे योग्यच झाले. परंतु केव्हा सांगावे हे कायदा सांगतो, कसे मोजावे आणि कसे मांडावे हे तो सांगत नाही. ते काम सुजाण श्रोत्यांनी करावयाचे आहे. ग्राहक पारखी झाला की दुकानदार आपोआप माप नीट देऊ लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर आकडे झळकतील तेव्हा आपण पाच प्रश्न विचारावेत एवढीच आमची विनंती आहे. केंद्रे किती आणि ती कशी निवडली? किती जणांनी उत्तर नाकारले? मत तोंडी विचारले की पेटीत टाकून घेतले? मतांची टक्केवारी किती, आणि तीवरून जागा कोणत्या रीतीने काढल्या? आणि मागच्या वेळी हीच मंडळी किती चुकली, व का? ज्याच्यापाशी या पाचांची उत्तरे आहेत त्याचा आकडा ऐकावा, आणि त्याने दोन टोकांचा पल्ला सांगितला तर त्याला भित्रा म्हणू नये. ज्याच्यापाशी उत्तरे नाहीत त्याचा आकडा कितीही बरोबर निघाला तरी तो योगायोग समजावा.

शितावरून भाताची परीक्षा होते, यात शंका नाही. मात्र हात तळापर्यंत घालावा लागतो, आणि तळाचे शीत दाबताना बोट भाजते. तळाच्या माणसाला गाठण्याचे, त्याचा विश्वास मिळवण्याचे आणि त्याने 'सांगत नाही' म्हटले तर त्याला मानाने वाट देण्याचे कष्ट जो घेईल, त्याचाच अंदाज उद्या खरा ठरेल.